परमुलखातील आपले कामकरी

कोसमटोला, व्हाया कुरखेडा, जिल्हा चांदा
११ मार्च १९५७

ती. वन्सं यांस करुणाचा सप्रेम सलाम.

तुमचं पत्र आणि महिला मंडळाच्या पत्रकाचा अंक पोचला. तुमच्या भावाचं आणि माझं नाव अजून 'परमुलखातील आपले कामकरी' या मथळ्याखालीच छापता. गेल्या नोव्हेंबरात चांदा आणि नगर एकाच मुंबई राज्यात आले, हे मंडळाला कुणी कळवलं नाही वाटतं. अर्थात इथल्यांचं मतही तुमच्यासारखंच आहे. नगर कुठं आहे असं शेजारच्या रुखमानं विचारलं, तेव्हा मी तिला वडशाची आगगाडी, पुढची आगगाडी, त्याच्या पुढची आगगाडी असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग परदेशातलेच नं तुमी."

इथलं बरं चाललं आहे. सकाळी हे रुळाचा तुकडा बडवून घंटा देतात. मुलं शाळेत येतात, ती मोह वेचायची वेळ होईपर्यंत. मग औषधाची पेटी उघडायची, म्हणजे क्विनीन आणि खरजेचं मलम. संध्याकाळी बाजाच्या पेटीवर भजन आणि उपदेश. गर्दी चांगली होते. काल गावातला डोमा यांना म्हणाला, "पाळकभाऊ, तुमची पेटी लय गोड वाजते. मधातलं बोलनं जरा कमी करा नं." हे हसले आणि त्यांनी बोलणं कमी केलं.

वन्सं, आता मुद्द्याचं. अडीच वर्षं झाली, इथं एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. हे दर महिन्याला मिशनच्या कमिटीला तसं प्रामाणिकपणे लिहितात, पण तो अहवाल कुणी वाचत नसावं. तुमचा शब्द कमिटीत चालतो. इथं काही फळ नाही असं सांगून आम्हांला पावसाळ्याआधी नगरला बोलावून घ्या. पाऊस लागला की नदी भरते आणि दसऱ्यापर्यंत ना बैलगाडी जाते ना डॉक्टर येतो. माझी प्रकृती म्हणा, दुसरं काही म्हणा. पण बोलवा.

यांचा लेंटचा चाळीस दिवसांचा उपवास चालू आहे. गाव तर यांच्याहून कडक. झाडं कैऱ्यांनी लगडली आहेत, पण अख्ख्या गावानं आंबा वर्ज्य केला आहे. एकही पोरगं दगड मारत नाही. म्हातारा लच्छू सांगतो, वेळ होईस्तोवर तोंड लावायचं नाही. मलाही लावू देत नाहीत. चिंचेवर भागवते आहे.

तुमची
करुणा


अहमदनगर
२५ मार्च १९५७

चि. करुणेस अलीशिबाबाईंचे अनेक आशीर्वाद. प्रभूची कृपा तुम्हा उभयतांवर असो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी गुडघे टेकले. अगं वेडे, तू काय लिहून गेलीस हे तुझं तुलाच कळलं नाही! अख्खं गाव लेंट पाळतं आहे. समोर फळ लटकलेलं असताना लहान मुलंही हात लावत नाहीत. आमच्या नगरच्या मंडळीत भस्म बुधवारी उपवास धरून गुरुवारी मटण खाणारे चर्चचे वडील पंच मला ठाऊक आहेत. नावं घेत नाही. आणि तिकडे रानात, बाप्तिस्मा न झालेले लोक वधस्तंभाच्या आठवणीत आंबा सोडतात! फळ नाही म्हणतेस आणि फळावरच सगळा मजकूर लिहितेस.

तुझ्या पत्रातला तेवढा भाग मी मंडळात वाचून दाखवला. बायका रडल्या. पत्रकात पहिल्या पानावर घेतला आहे. भाषा थोडी सुधारली. 'चिंचेवर भागवते' हे काढून टाकलं, ते हलकं वाटत होतं.

कमिटीचे चिटणीस गुणवंतराव अंक हातात घेऊन स्वतः माझ्या घरी आले. ईस्टरच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण तुमच्याबरोबर साजरा करायला ते आणि मी येत आहोत. त्यांना पाण्याची फार काळजी आहे, तेव्हा उकळून ठेव. नगरला येण्याविषयी लिहिलंस, तो मजकूर मी कमिटीपुढे ठेवला नाही. अशा घडीला नांगरावरून हात काढायचा नसतो.

'परमुलखातील' हे मथळ्यात राहील. सरकारं बदलतात, मंडळाचे मथळे बदलत नाहीत.

तुझी
अलीशिबा अमोलिक


कोसमटोला
४ एप्रिल १९५७

ती. वन्सं यांस सलाम.

वन्सं, घात केलात. हे लेंट नव्हे. गावकऱ्यांना लेंट म्हणजे काय हे माहीतसुद्धा नाही. इथल्या गोंड लोकांचा रिवाज असा की रानात काही नवं पिकलं, की गावचा पुजारी, त्याला गायता म्हणतात, तो आधी भुईला आणि वाडवडलांना देतो. त्या दिवसाला पंडुम म्हणतात. तो झाल्याशिवाय कुणी ते तोंडात घालत नाही. आंब्याचं पंडुम वैशाखात करतात. लच्छू हाच गायता. त्यांच्या बापजाद्यांपासून हे असंच चालत आलं आहे, त्यात तुमच्या भावाचा काडीचा वाटा नाही. त्यांना विचारलंत तर तेही हेच सांगतील. कृपा करून पुढच्या अंकात दुरुस्ती छापा आणि एवढ्या उन्हात येऊ नका.

एक गंमत सांगते, म्हणजे गावाचा नेम किती पक्का आहे ते कळेल. परवा मला राहवलं नाही. शाळेमागच्या झाडाची एक कैरी पडली होती, ती पदराखाली घेतली, मुठीत मीठ घेतलं आणि झाडाआड बसले. तेवढ्यात रुखमा आली.

"बाई, टाक ते. गावानं अजून नाई खाल्ला. कोनी आंधी खाल्ला तं साऱ्या गावाले भोगा लागते."

मी टाकली. आणि वन्सं, मला रडूच फुटलं. एका कैरीसाठी, एवढी मोठी बाई! रुखमा माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि हसायला लागली. काऊन हसून राह्यली म्हणून विचारलं तर "काई नाई" म्हणाली आणि सरळ लच्छूच्या घराकडे गेली. माझी चुगली करायलाच गेली असणार. दोन दिवस मी तोंड लपवून आहे.

दुरुस्तीचं विसरू नका.

तुमची
करुणा


अहमदनगर, कार्ड
१५ एप्रिल १९५७

चि. करुणेस आशीर्वाद. तुझं पत्र टांग्यात बसताना मिळालं. गुणवंतरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, खऱ्या कामकऱ्याचं पहिलं लक्षण म्हणजे श्रेय न घेणं. शनिवारी संध्याकाळी पोचतो. माझ्यासाठी बाज टाकू नकोस, मी जमिनीवर निजेन. गुणवंतरावांना बाज लागेल.

अ. अ.


अहमदनगर
२ मे १९५७

चि. करुणेस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गुणवंतरावांना प्रवासात थोडा त्रास झाला, तो तुमच्या पाण्याचा नसून वडसा स्टेशनवरच्या भज्यांचा होता, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. उजाडताच ढोल वाजले, सगळं गाव धुतलेली लुगडी-धोतरं नेसून झाडाखाली गोळा झालं. त्या वृद्ध लच्छूनं आंबा फोडून सर्वांना एकेक फोड दिली तेव्हा मला प्रभुभोजनच आठवलं. कोंबडा कापला त्याचं गुणवंतरावांना खटकलं. मी म्हटलं, वल्हांडणाच्या सणाला कोकरू लागतं, ते या गरिबांनी कुठून आणायचं? त्यांना पटलं. मग त्यांनी स्वतः लच्छूला विचारलं, "बाबा, हे सगळं आज कोणासाठी?" म्हाताऱ्यानं शाळेकडे बोट केलं. शाळेच्या दारावर आपला क्रूस आहे. गुणवंतरावांनी टोपी काढली.

पहिली फोड तुला दिली, हेही मी अहवालात घेतलं. पाळकाच्या घराला पहिला मान! तुझ्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहत होते. माझ्या भावाच्या, रत्नाकराच्या डोळ्यांत मात्र एक थेंब नाही, नुसता पेटी वाजवत होता. लहानपणापासून असाच.

संपूर्ण अहवाल कमिटीला सादर केला आहे. या महिनाअखेर निर्णय. काळजी करू नकोस, गोड बातमी येईल.

तुझी
अलीशिबा


कोसमटोला
१३ मे १९५७

ती. वन्सं यांस सलाम.

गोड बातमी माझ्याकडूनच घ्या. मला दिवस गेले आहेत. सप्टेंबरात बाळंत होईन. तुम्ही इथं होतात तेव्हाच सांगणार होते, पण गुणवंतराव समोरून हलेनात.

आधी का लिहिलं नाही, ते स्पष्टच सांगते. मागच्या वेळी नगरला असताना तुम्ही मंडळात माझं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली होती. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं, आणि मग प्रत्येक बाई घरी येऊन प्रभूची इच्छा समजावून गेली. मला तेव्हा कुणाचं तोंड बघवत नव्हतं. म्हणून या वेळी गप्प राहिले. पावसाळ्याआधी नगरला यायचं होतं ते याचसाठी.

आता त्या रविवारचं ऐका. रुखमा चुगली करायला गेली नव्हती. कैरीसाठी रडणारी बाई पाहून तिनं ओळखलं होतं. तिनं जाऊन लच्छूला सांगितलं की परदेशी बाईले डोहाळे लागले, मायबाप जवळ नाई, नि आपल्या नेमापायी पोटुशी बाई तरसून राह्यली. लच्छूनं गाव बसवलं. नेम मोडता येत नाही. पण दिवस ठरवणं गायत्याच्या हातात असतं. म्हणून त्यांनी वैशाखातलं पंडुम अलीकडे ओढलं. रविवारच का, तर त्या दिवशी पाळकभाऊंची पेटी सकाळपासून वाजते.

लच्छूनं बोट शाळेकडे केलं नव्हतं. दारात मी उभी होते.

माझं कुणीही नसताना या माणसांनी आपला सण माझ्यासाठी हलवला, वन्सं. फोड हातात घेतली आणि मला आईची आठवण आली, एवढंच ते रडणं. हे सगळं मी यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "मला माहीत होतं. लच्छूनं मला विचारूनच दिवस ठरवला." आणि पुन्हा पेटीच्या पट्ट्या पुसत बसले. तुमचा भाऊ इतका खोल आहे हे मला लग्नाच्या सहाव्या वर्षी कळलं.

तेव्हा नगरला बोलावण्याचं आता राहू द्या. रुखमा नि सोनीबाईनं माझं सगळं ठरवून टाकलं आहे. सोनीबाईच्या हातून गावातली निम्मी माणसं जन्मली आहेत. मी इथंच राहीन म्हणते.

तुमची
करुणा


अहमदनगर
४ जून १९५७

चि. करुणेस आणि येणाऱ्या बाळास अनेकोत्तम आशीर्वाद.

बातमी वाचून मी देवघरात, म्हणजे आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत, बराच वेळ बसले. मंडळात एक अक्षर बोललेले नाही. मागच्या वेळचं तू लिहिलंस ते मला लागलं. लागायलाच हवं होतं.

आता कमिटीचा निर्णय. तो एकमताने झाला आहे. कोसमटोला प्रभूला मिळालं. जिथं पीक उभं आहे तिथं पेरणाऱ्याचं काय काम? असं गुणवंतराव म्हणाले. तेव्हा पावसाळा संपताच, ऑक्टोबरात, तुम्ही उभयतांनी सिरोंच्याच्याही पलीकडे, गोदावरीकाठच्या नव्या क्षेत्रात जायचं आहे. तिथं तेलुगू बोलतात. रत्नाकराने पावसाळ्यात ती भाषा शिकून घ्यावी, पुस्तक वेगळं पाठवत आहेत. कोसमटोल्याला आता दुसऱ्या कामकऱ्याची गरज नाही, शाळा आणि औषधाची पेटी ग्रामस्थ सांभाळतील.

तुझ्या पत्रातला पंडुमाचा मजकूर मी पुढे ठेवला नाही. तो बायकी विषयात गुंतलेला होता, आणि गुणवंतराव अविवाहित आहेत.

तुझी
अलीशिबा


कोसमटोला
१९ जून १९५७

ती. वन्सं यांस सलाम.

टपालवाला पत्रू नदीकाठी थांबला आहे. पाणी चढतं आहे, म्हणतो हे बहुतेक शेवटचं टपाल. घाईनं लिहिते.

वन्सं, इथं एकही विश्वासणारा नाही! एकही! लच्छू नाही, डोमा नाही, रुखमा तर मुळीच नाही. सगळे आपापल्या देवाचे आहेत आणि सुखात आहेत. रविवारी येतात ते पेटी ऐकायला. मागच्या आठवड्यात यांनी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली, तर सगळ्यांनी मिळून थोरल्या भावाची बाजू घेतली. पेरणीच्या दिवसांत घर सोडून गेलेला पोरगा परतला म्हणून वासरू कापतात का, असं म्हणाले. हे मिळालेलं पीक!

शाळा कुणी सांभाळायची? क्विनीन कुणी द्यायचं? आणि ऑक्टोबरात माझ्या कुशीत महिन्याचं मूल असेल. ते घेऊन मी बैलगाडीतून कुठे तेलुगू मुलखात जाऊ? तिथं माझी रुखमा कोण?

तुम्ही पसरवलंत, तुम्हीच आवरा. कमिटीपुढे उभं राहून खरं काय ते सांगा.

करुणा


अहमदनगर
८ जुलै १९५७

चि. करुणेस आशीर्वाद.

हे पत्र तुला कधी मिळेल देव जाणे. कुरखेड्याला पडून राहील, राहू दे.

तुझ्यावर रागावले नाही. दोन रात्री झोप नाही, एवढंच. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि पत्रकाच्या पहिल्या पानावर जे नव्हतं ते छापलं. तू तेव्हाच सांगत होतीस. मी वाचत होते, पण मला हवं तेच.

काल चिटणीसांच्या दारापर्यंत गेले. दारात थबकले, ते माझ्या अब्रूसाठी नव्हे, तीही होतीच. पण विचार कर. कोसमटोल्यात कुणीही विश्वासणारा नाही असं मी सांगितलं, तर कमिटी ते ठाणं त्याच दिवशी बंद करील आणि तुम्हांला नगरला बोलावील. नाही सांगितलं तर तुम्ही सिरोंच्याला. खरं बोलले तरी तुझं गाव सुटतं, गप्प राहिले तरी सुटतं. मला तिसरी वाट दिसत नाही. तुला दिसली तर कळव, आणि या वेळी तू लिहिशील ते मी जसंच्या तसं वाचीन.

रत्नाकराला सांग, तुला पायऱ्या उतरू देऊ नको. तिथं पायऱ्या नाहीत हे मला आठवतं आहे, तरी सांग.

तुझी
अलीशिबा


कोसमटोला
५ ऑक्टोबर १९५७

ती. वन्सं यांस सप्रेम सलाम.

तुम्ही आत्या झालात. मुलगी. चौदा सप्टेंबरला, भर पावसात. त्रास झाला, पण सोनीबाई रात्रभर माझ्या पाठीशी बसून होती, नि रुखमा शेगडीशी. दोघी मिळून मला अशा ओरडत होत्या की मला घाबरायला सवडच मिळाली नाही. नाव रूथ ठेवलं आहे. गाव तिला रुती म्हणतं. नाक तुमच्यासारखं आहे, त्याला इलाज नाही.

तुमचं जुलैचं पत्र काल पोचलं. चार वेळा वाचलं. त्याबद्दल इथं काही लिहीत नाही, भेटीत बोलेन.

आता कमिटीला कळवण्यासाठी. सिरोंच्याला जाण्यास आमची पूर्ण तयारी आहे. परंतु एक अडचण आली आहे. या गावात जन्मलेलं मूल, या रानातलं प्रत्येक नवं एकदा चाखल्याशिवाय गावाची शीव ओलांडत नाही. नवं धान, नवा मोह, नवी चारोळी, आणि शेवटी नवा आंबा, याच क्रमानं. दात आल्याशिवाय चाखलेलं मोजत नाहीत. मधेच काही चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. दातांचा आणि हंगामांचा हिशेब धरता, सन १९५९ च्या उन्हाळ्याआधी आम्हांला हलता येईलसं दिसत नाही. हा नेम मोडला तर ग्रामस्थांची श्रद्धा दुखावेल, आणि एवढ्या मेहनतीनं मिळालेलं पीक हातचं जाईल.

हा रिवाज गावात आहे की नाही, ते मी कुणाला विचारलेलं नाही. छापायला हरकत नाही.

तुमची
करुणा


अहमदनगर
२१ ऑक्टोबर १९५७

चि. करुणेस, आणि चि. रूथ हिला तिच्या आत्याचे लाख लाख आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे तुझं पत्र जसंच्या तसं वाचलं. शेवटची ओळ मनात, बाकीची कमिटीत. एका वडील पंचांनी शंका काढली की असा रिवाज कुठं ऐकला नाही. मी उठून म्हटलं, मी ते गाव या डोळ्यांनी पाहिलं आहे, तिथले लोक नेमाला किती पक्के आहेत ते मला विचारा. यात एक अक्षर खोटं नाही. सिरोंच्याची बदली १९५९ पर्यंत तहकूब झाली. शाळा आणि औषधं चालू राहतील.

पण तू घोटाळा करून ठेवला आहेस. गुणवंतराव त्या रिवाजानं इतके भारावले की पोरीला दात आले की हा सोहळा पाहायला ते जातीनं येणार. लच्छूला आताच गाठ आणि तोवर हा रिवाज गावात सुरू करून घे. ज्यांनी तुझ्यासाठी अख्खा सण हलवला, ते एवढं करतील. माझं नाव सांगायला हरकत नाही.

आणि तू एक नियम लिहायला विसरलीस. तो मी कमिटीत माझ्याकडून सांगून टाकला. प्रत्येक नव्याचा पहिला घास मुलीच्या आत्यानंच भरवायचा असतो. आत्या हजर नसेल तर चाखलेलं धरत नाहीत. वर्षातून चारदा यावं लागेल. एकटीच येईन, मला बाज लागत नाही.

तुझी
अलीशिबा